वाटसरूने सही केलेली नसते: सोलापुरात एआरजी रचताना कायदा आणि प्लॅटफॉर्मचे नियम

अल्टरनेट रिअॅलिटी गेम, म्हणजेच एआरजी, हा खेळ पटावर किंवा पडद्यावर मावत नाही. त्याची गोष्ट फोनवरच्या संदेशांत, भिंतीवरच्या पत्रकात, अस्तित्वात नसलेल्या कंपनीच्या संकेतस्थळावर आणि गर्दीच्या चौकात उभ्या असलेल्या नटाच्या तोंडी विखुरलेली असते, आणि खेळाडूंनी एकत्र येऊन ती जुळवायची असते. 2001 मध्ये एका हॉलिवूड चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी रचलेल्या 'द बीस्ट' या खेळाच्या काळापासून या प्रकाराचे ब्रीद ठरून गेले आहे: 'हा खेळ नाही'. खेळाने स्वतःला खेळ म्हणवून घ्यायचे नाही, यातच त्याची सारी गंमत असते आणि कायद्याचा प्रश्नही नेमका तिथूनच सुरू होतो. रंगभवनात नाटक पाहायला बसलेल्या प्रेक्षकाने तिकीट काढलेले असते, त्यामुळे रंगमंचावरचा खून पाहून तो पोलिसांना फोन करत नाही. चौकातून भाजी घेऊन घरी निघालेल्या माणसाने मात्र कसलेही तिकीट काढलेले नसते.

म्हणून आराखड्याच्या पहिल्या पानावर एक नियम लिहून ठेवावा आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून पाहावा: गोष्टीत काय दडले आहे हे खेळाडूंपासून लपवता येते, पण हा खेळ आहे ही गोष्ट, ज्याने नाव नोंदवलेले नाही अशा कोणापासूनही लपवता येत नाही. पुढील विवेचनात आमच्याच गटाचा एक खेळ उदाहरणादाखल घेतला आहे. त्याची काल्पनिक गोष्ट अशी: पूर्व भागातील एका जुन्या चादर कारखान्यातून जेकार्ड मागाचे, म्हणजे चादरीवर कोणती नक्षी विणायची हे मागाला सांगणारे, भोकांचे पत्ते नाहीसे झाले आहेत, त्या भोकांत शहरातल्या ठिकाणांचे पत्ते दडलेले आहेत, आणि ते शोधत खेळाडूंनी भुईकोट किल्ल्यापासून विजापूर वेशीपर्यंत फिरायचे आहे. (पत्त्यांत पत्ते, ही कोटी आमच्या गटातल्या एकाला इतकी आवडली की खेळ तिच्यापासूनच सुरू झाला.) हे लेखन दिशा दाखवण्यापुरते आहे, प्रत्यक्ष खेळाचा आराखडा घेऊन स्थानिक वकिलाकडे एकदा तरी जावे, कारण तासाभराचा सल्ला एका रात्रीच्या धावपळीपेक्षा नेहमीच स्वस्त पडतो.

संमती कशी घ्यावी

संमतीची सर्वांत बोधप्रद कथा एका मोटार कंपनीच्या जाहिरात मोहिमेची आहे. 2008 मध्ये टोयोटाने अमेरिकेत एक मोहीम चालवली. तिच्यात एका व्यक्तीने आपल्या ओळखीच्या दुसऱ्या व्यक्तीचे नाव सुचवायचे आणि त्या दुसऱ्या व्यक्तीला अनोळखी माणसाकडून त्रासदायक ईमेल येत राहायचे, अशी रचना होती. कॅलिफोर्नियातील एका स्त्रीला पाच दिवस असे ईमेल आले. लिहिणारा आपण फरार असल्याचे आणि तिच्या घरी मुक्कामाला येत असल्याचे सांगत होता. तिने दावा लावल्यावर कंपनीने उत्तर दिले की, तिने एका 'व्यक्तिमत्त्व चाचणी'च्या पानावर अटी मान्य असल्याची खूण केली होती. 2011 मध्ये तेथील अपील न्यायालयाने त्या अटी निरर्थक ठरवल्या, कारण आपण नेमके कशाला होकार देत आहोत हे तिला कळूच दिलेले नव्हते.

भारतात हा खटला बंधनकारक नाही, पण आपल्या 1872 च्या करार कायद्यातून जवळपास त्याच ठिकाणी पोहोचता येते. कलम 13 नुसार दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती ठरते, आणि कलम 19 नुसार फसवून मिळवलेल्या संमतीवर उभा असलेला करार फसलेल्या पक्षाला रद्द करता येतो. त्यामुळे नोंदणीचे पान हे गोष्टीचा भाग नसावे. ते साध्या, रंगहीन भाषेत लिहावे आणि त्यावर आयोजकांची खरी नावे, संपर्काचा खरा क्रमांक, खेळ किती दिवस चालेल, फोन आणि संदेश किती वाजेपर्यंत येतील, नट समोर येऊन बोलणार का, आणि केव्हाही बाहेर पडायचे असल्यास कोणता शब्द पाठवायचा, हे सर्व असावे. सोलापुरात हे पान केवळ मराठीत ठेवणे पुरेसे नाही. कन्नड, तेलुगू, उर्दू आणि हिंदी बोलणारे खेळाडू याच शहरात आहेत, आणि न कळलेल्या भाषेतील अटींवरची खूण वादाच्या वेळी फारशी उपयोगी पडत नाही. एका मित्राने दुसऱ्याचे नाव गंमत म्हणून परस्पर नोंदवण्याची सोय मात्र अजिबात ठेवू नये, मग ती प्रसिद्धीसाठी कितीही मोहक वाटो.

अठरा वर्षांखालील खेळाडूंचा प्रश्न वेगळा आहे आणि तो टाळता येत नाही, कारण अशा खेळांकडे सर्वांत आधी महाविद्यालयातील मुलेच वळतात आणि अकरावी-बारावीतील बहुतेक मुले सतरा वर्षांच्या आतबाहेर असतात. अल्पवयीनाने केलेला करार मुळातच शून्य असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिशकालीन सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1903 मध्येच मोहरीबीबीच्या खटल्यात सांगितलेले आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 हा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो, त्याचा डेटा हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो आणि मुलांचा माग ठेवण्यास मनाई करतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. मुलांविषयीच्या कर्तव्यांचा भंग झाल्यास दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये आहे. आपल्यासारख्या हौशी गटाला एवढा दंड होईल असे मला वाटत नाही, पण खेळाडूचे ठिकाण पाहून पुढची खूण पाठवणारी रचना आणि सोळा वर्षांचा खेळाडू या दोन गोष्टी एकत्र ठेवू नयेत. लहान गटाने सरळ अठरा वर्षांची अट घालावी. ज्यांना नोंदवून घेतले आहे त्यांच्याकडूनही नाव, फोन आणि आणीबाणीचा एक क्रमांक यापलीकडे काही मागू नये. आधार कार्डाची प्रत मागणारे एआरजी माझ्या पाहण्यात आले आहेत, आणि त्यामागचे कारण त्यांच्या आयोजकांनाही सांगता आले नव्हते.

सोंग कोणाचे घ्यावे

काल्पनिक कारखानदार, काल्पनिक मुनीम, काल्पनिक पत्रकार ही सोंगे चालतात. पोलीस, महापालिकेचा निरीक्षक, आयकर अधिकारी किंवा वीज कंपनीचा माणूस यांचे सोंग घेऊ नये. लोकसेवक असल्याची बतावणी करून त्या अधिकाराच्या आडून काही केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावास आहे. फसवण्याच्या हेतूने नुसता गणवेश किंवा ओळखचिन्ह वापरण्याविषयी कलम 205 स्वतंत्रपणे आहे. पत्रकावर तीन सिंहांची मुद्रा छापणे भारतीय राज्यचिन्हाच्या अनुचित वापराला मनाई करणाऱ्या 2005 च्या कायद्यानुसार चालत नाही, आणि नोटेसारखा दिसणारा कागद छापणे न्याय संहितेच्या कलम 182 खाली येते, मग त्यावर कोपऱ्यात 'खेळातील चलन' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असो वा नसो.

निनावी पत्र हे एआरजीचे लाडके साधन आहे, म्हणून त्याकडे थोडे थांबून पाहावे. 'पत्ते परत केले नाहीत तर परिणाम भोगावे लागतील' अशी चिठ्ठी नोंदणीकृत खेळाडूच्या हाती पडली, तर तो हसून पुढच्या कोड्याकडे वळेल. तीच चिठ्ठी त्याच्या वडिलांच्या हाती पडली, तर न्याय संहितेच्या कलम 351 मधील धमकीचा प्रश्न उभा राहतो, आणि ते कलम निनावीपणे दिलेल्या धमकीला जास्त शिक्षा सांगते. म्हणजे जी गोष्ट आपल्याला नाट्यमय वाटते, तीच कायद्याला अधिक गंभीर वाटते. अशा प्रत्येक कागदाच्या मागच्या बाजूस ठळक ओळ छापावी: हा एका खेळाचा भाग आहे, शंका असल्यास या क्रमांकावर फोन करावा. यामुळे गंमत कमी होते अशी तक्रार हमखास येते. माझा अनुभव असा की खेळाडू कागदाची मागची बाजू वाचतात आणि मग ती वाचली नसल्याचे सोंग आनंदाने घेतात.

खऱ्या माणसांच्या बाबतीत अधिक जपावे. जिवंत व्यक्तीला, खऱ्या दुकानाला किंवा खऱ्या कारखान्याला गोष्टीत चोर ठरवणे ही बदनामी होऊ शकते, आणि न्याय संहितेचे कलम 356 दिवंगत व्यक्तीच्या बदनामीचाही विचार करते. या शहरात तर इतिहास चौकाचौकांत उभा आहे. 1930 चा मार्शल लॉ आणि 12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे यांच्याभोवती पर्यायी इतिहास रचण्याचा मोह होतो. त्यांच्या स्मारकापाशी खेळाडूंना वाचायला थांबवावे, पण त्यांच्या तोंडी कल्पित संवाद किंवा कल्पित फितुरी घालू नये. हा कायद्यापेक्षा शहाणपणाचा प्रश्न आहे. श्रद्धास्थानांनाही हेच लागू आहे. सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात खूण लपवण्यापूर्वी तेथील व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्यावी, आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावर तर खेळ ठेवूच नये.

रस्त्यावर

31 जानेवारी 2007 रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात एका कार्टून मालिकेच्या जाहिरातीसाठी पुलांखाली आणि रस्त्यांकडेला लावलेल्या लुकलुकत्या दिव्यांच्या पाट्या लोकांना स्फोटके वाटल्या. रस्ते आणि पूल बंद झाले, पाट्या लावणाऱ्या दोघांना अटक झाली आणि संबंधित कंपन्यांना नुकसानभरपाई आणि सदिच्छा निधी मिळून 20 लाख डॉलर मोजावे लागले. ही हकिकत मला पाठ होती, तरीही आमच्या पहिल्या खेळात आम्ही पूर्व भागातील एका चहाच्या टपरीच्या फळीखाली दोरीने ओवलेले जेकार्डचे पत्ते, एक बॅटरी आणि मिणमिणता लाल दिवा एका पत्र्याच्या डब्यात ठेवला. दिवा केवळ शोभेसाठी होता. टपरीवाल्या मामांना आम्ही आदल्या दिवशी सांगितले होते. सकाळी टपरीवर त्यांचा भाचा होता, आणि त्याला कोणी काही सांगितले नव्हते. त्याने 112 वर फोन केला, आणि ते योग्यच केले. आम्ही अर्ध्या तासात पोहोचलो म्हणून प्रकरण समज देण्यावर मिटले, पण तोपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दुकाने खाली झाली होती आणि त्या सकाळचे नुकसान आम्हाला कोणालाच भरून देता आले नाही.

त्यातून तयार झालेली पद्धत अशी आहे. वस्तू रस्त्यावर बेवारस ठेवू नये. ती दुकानदाराच्या गल्ल्यापाशी, त्याच्या लेखी संमतीने ठेवावी आणि ती संमती दोन्ही पाळ्यांतील माणसांना माहीत असावी. वस्तू पारदर्शक असावी, तिच्यात तार, बॅटरी, टायमर किंवा द्रव नसावा, आणि तिच्यावर आयोजकाचा क्रमांक असावा. खेळाच्या किमान दोन आठवडे आधी पोलीस आयुक्तालयाला आणि संबंधित पोलीस ठाण्याला पत्र द्यावे. त्यात ठिकाणे, वेळा, वस्तूंची छायाचित्रे आणि नटांची नावे जोडावी व पोहोच घेऊन ती खेळाच्या दिवशी प्रत्येक स्वयंसेवकाच्या खिशात ठेवावी. सोलापूर शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात आणि त्यांत पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला मनाई असते. एका कोड्याभोवती वीस खेळाडू जमवणाऱ्याने त्या आठवड्यातील आदेश पाहिलेला असलाच पाहिजे. खेळाडूंचे गट चारांचे ठेवणे हा सोपा उपाय आहे, आणि कोडे सोडवण्यासही चौघे पुरेसे असतात.

भिंतीवर कागद चिकटवण्याआधी महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध अधिनियम, 1995 आठवावा. भुईकोट किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे; तेथे दगडावर खडूची रेघसुद्धा ओढू नये आणि काही लपवू नये. 1958 च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यानुसार संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. किल्ला गोष्टीत आणायचा असेल तर तेथे आधीपासून असलेल्या गोष्टींवर, म्हणजे बुरुजांच्या संख्येवर किंवा फलकावरील मजकुरावर, कोडे बांधावे. क्यूआर कोडबद्दल एक लहानशी सूचना: आपल्याकडे दुकानाबाहेरचा क्यूआर कोड म्हणजे पैसे भरण्याचा कोड असेच लोक धरून चालतात, त्यामुळे त्यावर 'हा पैसे भरण्याचा कोड नाही' असे लिहावे आणि कोणी त्यावर दुसरा कोड चिकटवलेला नाही ना, हे रोज पाहावे.

वेळेची शर्यत दुचाकीवर लावू नये. सार्वजनिक रस्त्यावर सरकारी परवानगीशिवाय वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 189 खाली गुन्हा आहे, आणि 'सात रस्त्यापासून विजापूर वेशीपर्यंत पंधरा मिनिटांत पोहोचा' ही सूचना वाचून खेळाडू काय करील हे सांगायला नको. 'स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे' या सहीने आयोजकाचा निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास न्याय संहितेचे कलम 106 आहे आणि तेथे मृताची सही विचारली जात नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी सोलापूरच्या रस्त्यावर पायी खेळ ठेवणे मी याच सदरात मोजतो.

प्लॅटफॉर्मचे नियम

येथे शिक्षा तुरुंगाची नसते, पण ती लगेच होते. खेळाच्या तिसऱ्या दिवशी काल्पनिक मुनिमाचे खाते बंद झाले तर त्याच्याकडे असलेले सारे धागे तुटतात, आणि दाद मागेपर्यंत खेळ संपलेला असतो. फेसबुकवर वैयक्तिक प्रोफाइल खऱ्या माणसाचेच असावे लागते, म्हणून पात्रासाठी पेज काढावे. इन्स्टाग्रामवर टोपणनाव चालते, पण दुसऱ्या खऱ्या व्यक्तीचे किंवा संस्थेचे सोंग चालत नाही, आणि एकमेकांना दाद देणारी दहा बनावट खाती उघडणे हे मेटाच्या भाषेत संघटित बनावट वर्तन ठरते. एक्सवर एप्रिल 2025 पासून विडंबन आणि चाहत्यांच्या खात्यांनी नावाच्या सुरुवातीलाच तसे लिहिणे आवश्यक आहे. यूट्यूबवर 2024 पासून, खऱ्यासारखी दिसणारी पण कृत्रिमरीत्या बनवलेली किंवा बदललेली दृश्ये तशी असल्याचे जाहीर करावे लागते. गूगल मॅप्सवर नसलेल्या कारखान्याची नोंद करू नये. ती निघून जाते आणि नोंद करणारे खातेही अडचणीत येते. गूगल फॉर्ममध्ये कोड्याचे उत्तर म्हणून 'पासवर्ड' मागितला तर तो फॉर्म फसवणुकीचा समजून बंद होऊ शकतो. त्या रकान्याला 'परवलीचा शब्द' म्हणण्याऐवजी 'सातवे उत्तर' म्हणावे.

व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवण्यापूर्वी समोरच्याची संमती हवी, आणि साध्या खात्यावरून एकाच वेळी शेकडो अनोळखी क्रमांकांना संदेश गेले की क्रमांक बंद होतो. एसएमएसचा विचार असेल तर दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांनुसार प्रेषकाचे नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. नटांसाठी दुसऱ्याच्या नावावर सिम कार्ड घेणे दूरसंचार कायदा, 2023 नुसार गंभीर गुन्हा होऊ शकतो. सिम आयोजकाच्याच नावावर असावे. खेळाचा कणा मात्र आपल्या नावाने घेतलेल्या डोमेनवर ठेवावा. तेथे एक पान असे असावे की कोणतेही खाते बंद झाले तरी खेळाडू तेथून पुढे जाऊ शकतील आणि एखादा काळजीत पडलेला पालक किंवा अधिकारी दोन ओळींत सत्य वाचू शकेल.

बनावट बँकेचे किंवा सरकारी पोर्टलचे पान रचणे सर्वस्वी टाळावे. संगणकाच्या साहाय्याने सोंग घेऊन फसवणूक करण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 डी खाली तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. आपला हेतू फसवणुकीचा नसला तरी ते सिद्ध करत बसण्याची वेळ आपल्यावर येते. तसेच खेळाडूंना 'हॅक करा' असे सांगायचे असेल तर ते केवळ आपल्या सर्व्हरपुरते आहे, हे नोंदणीच्या पानावर स्पष्ट लिहावे. उत्साही खेळाडू नाव सारखे दिसणाऱ्या खऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर हात चालवतो, आणि म्हणून काल्पनिक कंपनीचे नाव निवडण्यापूर्वी तसे नाव कोणाचे नाही ना, हे तपासावे.

पैसा

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, आणि कायद्यालाही ते आणलेले चालत नाही. ऑनलाइन खेळांविषयीचा केंद्रीय कायदा ऑगस्ट 2025 मध्ये संमत झाला. पैसे किंवा इतर काही पणाला लावून पैशांच्या अथवा तत्सम लाभाच्या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना त्याने मनाई केली आहे, मग त्यात कौशल्य असो वा नशीब. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रवेशशुल्क गोळा करून त्यातूनच विजेत्याला रोख रक्कम देणारा एआरजी या व्याख्येच्या फार जवळ जातो. एकतर प्रवेश निःशुल्क ठेवावा, किंवा शुल्क घेऊन बक्षीस म्हणून प्रमाणपत्र आणि टाळ्या द्याव्या. कोड्यांच्या स्पर्धांवर 1955 चा स्वतंत्र कायदाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये तो नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांपुरता मर्यादित केला, म्हणून कोडे खरोखर डोके चालवून सुटणारे असावे, सोडत काढून विजेता ठरवू नये. प्रायोजक असेल, समजा एखादा चादर विक्रेता, तर त्याचे नाव पहिल्याच पानावर जाहिरात म्हणून द्यावे. शेवटच्या कोड्याचे उत्तर दुकानाचे नाव निघाले की खेळाडूंना वाईट वाटते. शिवाय छुपी जाहिरात ग्राहक संरक्षण कायद्याच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांना धरून नाही.

थांबवण्याची सोय

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीचा 'मॅजेस्टिक' हा खेळ खेळाडूंना रात्री-अपरात्री फोन करीत असे. तो जुलै 2001 मध्ये सुरू झाला आणि 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर काही काळ थांबवावा लागला. गावात दंगल, अपघात किंवा पूर आला की आपलाही खेळ थांबवता आला पाहिजे. यासाठी एकच व्यक्ती सूत्रधार म्हणून नेमावी, सर्व वेळापत्रकबद्ध संदेश तिच्या एका बटणाने अडतील अशी व्यवस्था करावी आणि खेळापूर्वी एकदा ती प्रत्यक्ष चालवून पाहावी. कोणीही अधिकृतपणे विचारले की नटाने ताबडतोब सोंग उतरवून खरे नाव सांगायचे, हे तालमीतच घोटून घ्यावे. आमच्या एका नटाने हवालदारासमोरही पात्र सोडले नव्हते आणि त्याचे कौतुक करणारा तिथे कोणी नव्हता.

खेळ संपल्यावर पत्रके त्याच रात्री काढावी, खेळाडूंचा डेटा ठरलेल्या तारखेला पुसावा आणि तसे त्यांना कळवावे. कोड्यांत छापलेला फोन क्रमांक मात्र लगेच बंद करू नये. बंद केलेला क्रमांक काही महिन्यांनी दुसऱ्याच कोणाला दिला जातो, आणि कुठल्यातरी दुकानात राहून गेलेल्या एका पत्त्यावरून मध्यरात्री त्याला 'मुनीमजी, पत्ते सापडले' असा फोन येतो. तो क्रमांक किमान वर्षभर चालू ठेवून त्यावर खेळ संपल्याचा ध्वनिमुद्रित संदेश लावावा.